भिंतीवरची सातवी

हेल्स गेट, सेबा
१२ जानेवारी

प्रिय डेल्मार,

तुझ्या कानाला फोन चालत नाही हे एका परीने बरंच आहे. फोनवर ही बातमी दिली असती तर तू मध्येच हसला असतास आणि मी रागाने फोन आपटला असता. कागदावर तुला शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. मी सेबा बेटाच्या परिषदेच्या निवडणुकीला उभी आहे.

आता हसून घे आणि पुढे वाच.

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर क्लिफर्ड ग्रेंजर माझ्या पायरीवर येऊन बसला. तू अरुबाला गेलास तेव्हा तो जन्मलाही नव्हता. म्हाताऱ्या सॅम ग्रेंजरचा नातू. त्याची नाळ मी कापली आणि आता आठ वर्षं बेटाचा कारभार त्याच्या पक्षाच्या हातात आहे. मला म्हणाला, "नर्सबाई, आमच्या यादीत सात नावं हवीत, सहा झालीत. सातवं तुमचं द्या. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं नाव द्यायचं."

"आणि निवडून आले तर?"

तो इतका हसला की कॉफी शर्टावर सांडली. "पाच जागा आहेत सगळ्या मिळून. त्यातल्या तीन आमच्या आल्या तरी डोक्यावरून पाणी. सातवं नाव शोभेला असतं हो."

शोभेला. एकाहत्तराव्या वर्षी मला कोणी शोभेची म्हणालं, हे एरवी मी आरशात बघून साजरं केलं असतं. पण मी त्याला एक अट घातली, आणि ती व्हर्नामुळे.

समोरच्या घरातली व्हर्ना पडली. दवाखान्यातून औषध घेऊन ती खाली बॉटम गावात रस्त्याकडेच्या भिंतीवर बसली होती, आपण सगळे जन्मभर बसत आलो तशी. हेल्स गेटला वर येणारी गाडी थांबेल, घेईल. पन्नास मिनिटं गाडी मिळाली नाही. उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली, उठायला गेली ती रस्त्यावर. उजवं मनगट मोडलं. व्हर्नाचं उजवं मनगट म्हणजे काय हे तुला सांगायला नको. सुईकाम बंद, लेस बंद. हात मांडीवर ठेवून बसते आणि खिडकीतून समुद्राकडे बघते. मला ते बघवत नाही.

भिंत आहे तिथेच आहे, पण तिच्यावर बसणारे म्हातारे झालेत आणि गाड्यांतले तरुण घाईत आहेत. म्हणून मी क्लिफर्डला म्हटलं, माझं नाव हवं तर तुमच्या जाहीरनाम्यात लिहा : म्हाताऱ्यांसाठी एक छोटी बस, हेल्स गेट ते बॉटम, रोज. तो म्हणाला, "लिहिलं समजा."

मी बरोबर केलं ना? तू माझा थोरला भाऊ, एकेकाळी परिषदेत निवडून आलेला माणूस. दोन शब्द चांगले लिही.

तुझी,
इस्मी


सॅन निकोलस, अरुबा
२७ जानेवारी

प्रिय इस्मी,

हसलो. शेजारीण धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला.

जिला आयुष्यात गाडी चालवता आली नाही ती आता सरकार चालवणार. पन्नास साली सायमनच्या गाढवावरून पडलेली तूच ना? की ती दुसरी कोणी इस्मेनिया बार्न्स होती?

आता हसणं पुरे. नाव मागे घे. ग्रेंजरांना तू हवी नाहीस, तुझं नाव हवं आहे. बेटावरच्या निम्म्या लोकांना तू जन्मताना पाहिलंस, उरलेल्यांना इंजेक्शनं दिलीस. तुझं नाव बघून चार मतं यादीला पडतील. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. "लिहिलं समजा" म्हणे. जे लिहितात ते "समजा" म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र तुझ्या क्लिफर्डने तुला सांगितली नसणार. यादीत खाली असलेल्याच्या स्वतःच्या नावापुढे पुरेशी मतं पडली, म्हणजे एका जागेला लागतात त्याच्या निम्मी, तर तो वरच्यांना ओलांडून आत जातो. तुमच्याकडे हजार-अकराशे लोक मत देतात. हिशेब तूच कर, साधारण एकशेदहा होतात. तुला पडणार नाहीत, पण नियम माहीत असावा.

आणि इतकं तरी ऐक. निवडणुकीनंतर तुझ्यापुढे कोणी कागद ठेवला तर मला विचारल्याशिवाय सही करू नकोस. का, ते विचारू नकोस.

व्हर्नाला सांग, डेल्मारने विचारलंय. नुसतं एवढंच सांग.

डेल्मार


हेल्स गेट
८ फेब्रुवारी

डेल्मार,

गाढव सायमनचं नव्हतं, तुझं होतं, आणि पडले नव्हते, तू ढकललं होतंस.

नाव मागे घेत नाही. तुझा नियम मात्र मी पाठ केलाय. एकशेदहा. पीठ मळताना म्हणते, पायऱ्या चढताना म्हणते. इथे तो कोणालाच ठाऊक नव्हता. मी सांगितलं तेव्हा पोस्टातली मुलगी म्हणाली, "म्हणजे नर्सबाई, यादीतल्या कोणत्याही नावापुढचं वर्तुळ लाल पेन्सिलने भरता येतं? मला वाटायचं पहिलंच भरायचं असतं." चाळीस वर्षांची आहे ही मुलगी.

प्रचार कसा करतेस असं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. करत नाही. माझ्याकडे गाडी नाही. रोज सकाळी रस्त्यावर उभी राहते, जो येतो तो घेतो. काल मासेवाल्याच्या गाडीतून गेले, परवा नव्या डॉक्टरच्या, त्याआधी वाळूच्या ट्रकमधून. माझ्या मांडीवर कोणाचा कोबी असतो, कोणाचं पोर असतं. वीस मिनिटांच्या रस्त्यात माणूस काय काय बोलतो. एकाची आई पाच महिने घराबाहेर पडलेली नाही. तो म्हणाला, "मी कामावर, बायको कामावर, आणि भिंतीवर तिला कशी बसवू?" मी फक्त विचारते : बस असती तर? आणि पुढे काही बोलत नाही. माणूस गाडी चालवताना विचार करतो, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

दुसरी गोष्ट मोठी आहे. व्हर्ना पडली त्या दिवशी एक गाडी तिच्यासमोरून गेली होती. काचा वर, आत गारवा, मागच्या तीन जागा रिकाम्या. ती कोणाची, हे व्हर्ना महिनाभर बोलली नाही. काल सूप पाजताना एकदम म्हणाली, "ड्वेन होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाहिलं."

ड्वेन लिंझी. पर्यटकांना जीप भाड्याने देतो तो. क्लिफर्डच्या यादीत तिसरा, म्हणजे परिषदेतली जागा त्याच्या खिशातच. व्हर्नाने त्याला रविवारच्या शाळेत देवाची प्रार्थना शिकवली होती, म्हणून ती गप्प बसली. मी गप्प बसले नाही असं नाही, मीही बसले. पण तेव्हा खोलीत तुझा जुना दोस्त सिमियन होता, आणि सिमियनच्या तोंडात तीळ भिजत नाही. नव्वदीतही नाही. संध्याकाळपर्यंत विंडवर्डसाइडच्या दुकानात लोक पाव घेताना बोलत होते. चोरी केली असती तर लोकांनी दोन आठवड्यांत माफ केलं असतं. भिंतीवरच्या म्हातारीला ओलांडून जाणं या बेटावर कोणाच्या बापजन्मी झालं नव्हतं.

उत्तर लवकर दे.

इस्मी


हेल्स गेट
७ मार्च

डेल्मार,

महिना झाला, तुझं पत्र नाही. समजले. तुला माझी लाज वाटते. ठीक आहे, मी तुझं काय घोडं मारलंय ते एकदा सांग, म्हणजे झालं.

तरी लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला लिहू? जाहीरनामा छापून आला. सोळा पानं, गुळगुळीत कागद, क्लिफर्डचे नऊ फोटो. बस नाही. मी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. क्लिफर्डला विचारलं तर म्हणाला, "नर्सबाई, जागा पुरली नाही हो. आणि खरं सांगू, आपल्याकडे कोणी कोणाला रस्त्यावर सोडत नाही. बस कशाला?"

"तुझ्या तिसऱ्या नंबरला विचार, कशाला ते," म्हटलं. त्याने विषय बदलला.

तू बरोबर होतास. लिहायला हात जड होतो, पण होतास. मतपत्रिका छापून झाल्यात, आता नाव निघत नाही. त्या रात्री मी रडले. रागाने रडले, दुसरं काही समजू नकोस.

शनिवारी बॉटममध्ये सभा झाली. बोकडाचा रस्सा होता, त्यामुळे दोन्ही पक्षांचे लोक होते. सहा जण बोलले. मला बोलू देणार नव्हते, पण मागून कोणीतरी ओरडलं, "सातवी कुठाय?" मग क्लिफर्डला माईक द्यावाच लागला. मी एवढंच म्हणाले :

"तुमच्या सगळ्यांच्या गाड्यांत मी बसलेय. कोणाचा दरवाजा आतून उघडत नाही ते मला माहीत आहे. चाळीस वर्षं मी तुमच्या घरी बाळंतपणाला, तापाला, मरणाला पोचले ती तुमच्याच गाड्यांतून. मला कधी कोणी मागे टाकलं नाही. माझं नशीब. व्हर्नाचं तसं नव्हतं. मला बस हवी. ती या पुस्तकात नाही, म्हणून तोंडाने सांगते."

आणि माईक परत दिला. टाळ्या नाही वाजल्या. लोक ड्वेनकडे बघायला लागले. ड्वेन रश्श्याच्या वाटीत बघत होता. मला वाटतं मी घोटाळा केला.

वीस तारखेला मतदान. तुला काही वाटत असलं तर लिही, नसलं तर नको.

इस्मेनिया


सॅन निकोलस
८ मार्च
(पाकिटावर : मतमोजणी झाल्यावर उघड. आधी उघडलंस तर मला कळेल.)

इस्मी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण हात रिकामा नव्हता. ते सोड.

तू हे वाचतेयस म्हणजे मोजणी झाली. पडली असशील तर हे पत्र चुलीत घाल आणि माझ्या नावाने एक पेला पी. निवडून आली असशील तर पुढचं वाच. मला आतून वाटतंय की तू पुढचं वाचणार आहेस.

तुला आणि सगळ्या बेटाला वाटतं की मी रिफायनरीतल्या नोकरीसाठी अरुबाला आलो. कोणी कधी तारखा जुळवून पाहिल्या नाहीत. त्या वर्षी रिफायनरी माणसं काढत होती, घेत नव्हती. पहिली दोन वर्षं मी इथे बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढल्या.

मी निवडून आलो होतो, हे तुला आठवतं. मग "घरच्या अडचणीमुळे" जागा सोडली, हेही आठवत असेल. घरची कसलीही अडचण नव्हती. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सॅम ग्रेंजर आला. कागद तयार होता, पेन त्याचंच होतं. म्हणाला, "डेल्मार, तू आमच्या यादीवर आलास, म्हणजे जागा आमची. माझ्या मुलाला दे. हेल्स गेटला पाण्याची टाकी बांधून देतो." मला टाकी हवी होती. तेवढ्यासाठीच तर मी उभा राहिलो होतो. मी सही केली. आयत्या बिळात नागोबा जाऊन बसला. टाकी झाली नाही, हे तुला माहीतच आहे, डोक्यावर डबे वाहिलेस तू.

लोकांनी मला काही विचारलं नाही. तेच सहन झालं नाही. व्हर्नाने विचारलं होतं. तिला मी खोटं सांगितलं, आणि जिच्याशी लग्न करायचं तिला खोटं सांगून बेटावर राहता येईना. बंदरापर्यंत चालत गेलो. तीन गाड्या थांबल्या. तिघांनाही नको म्हटलं.

तर कागद येईल. आणि कागदाबरोबर बस येईल, बघ. "सही करा, बस देतो." इस्मी, जागा दिल्यावर बस मागता येत नाही. जागा असली तरच मागता येते. हे शिकायला मला बावन्न वर्षं लागली, तुला मी फुकट देतोय.

डेल्मार


हेल्स गेट
२५ मार्च

माझ्या लबाड भावा,

आले. मी आले. एकशे अठरा.

नीट क्रमाने सांगते, नाही तर तू ओरडशील. तुझं पाकीट एकोणीसला मिळालं, ते बायबलमध्ये ठेवलं आणि उघडलं नाही, शपथ. वीसला मतदान. रात्री गव्हर्नरच्या कचेरीसमोर सगळं बेट उभं होतं. क्लिफर्डच्या यादीला तीन जागा, समोरच्यांना दोन. मग नावं वाचली. क्लिफर्ड दोनशे नव्वद. दुसरा एकशे चाळीस. ड्वेन लिंझी एकाहत्तर. मग चौथा, पाचवा, सहावा, कोणाला नऊ, कोणाला अकरा. शेवटी, "बार्न्स, इस्मेनिया : एकशे अठरा." वाचणाऱ्याने कागद दिव्याजवळ नेला आणि पुन्हा वाचलं. मग जो आवाज उठला, तो तुझ्या बहिऱ्या कानालाही आला असता. वाळूच्या ट्रकवाल्याने भोंगा दाबला तो सोडेचना. डॉक्टरने मला उचललं. मला, डेल्मार, या वजनाच्या बाईला.

सकाळी सात वाजता क्लिफर्ड दारात. कागद तयार होता. पेन त्याचंच होतं.

मी त्याला पायरीवर बसवलं, कॉफी दिली, आणि म्हटलं, थांब, मला आधी एक पत्र वाचायचंय. आत जाऊन तुझं पाकीट फोडलं. उभ्यानेच वाचलं. मग पलंगावर बसून पुन्हा वाचलं. ती टाकी झाली नाही म्हणून मी आठ वर्षं डबे वाहिले आणि तुला शिव्या दिल्या की हा तिकडे मजा करतोय. मला माफ कर.

बाहेर आले. क्लिफर्ड म्हणाला, "नर्सबाई, तुमचा मान राहिलाच आहे. पण सातव्या नावाने जागा सोडायची ही रीत आहे. ड्वेन तरुण आहे, त्याला काम येतं. तुम्ही सही करा, बस मी देतो. शब्द देतो."

"तुझ्या आजोबांनी टाकी दिली होती, तशी?"

त्याला टाकीची गोष्ट माहीत होती, डेल्मार. त्याच्या तोंडावरून दिसलं. त्यांच्या घरात ती हसत हसत सांगत असतील.

मी म्हटलं, "क्लिफर्ड, पाच जागा. तुझ्या तीन, त्यांतली एक मी. मी नसले तर दोन विरुद्ध दोन. परिषदेचा पहिला ठराव बसचा असेल. तो झाला की माझं मत तुझ्या सरकारला, झाला नाही तर समोरच्यांचं घरही माझ्या पायरीपासून फार लांब नाही. आणि पेन ठेवून जा, चांगलं दिसतंय."

तो उठला. गाडीकडे निघाला. मला त्याच सकाळी कचेरीत सह्यांना जायचं होतं, निवड स्वीकारल्याच्या. मी विचारलं, "बॉटमला चाललायस का?"

त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण चाललाच होता, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी होते, आणि समोरच्या खिडकीतून व्हर्ना बघत होती. ड्वेनचं काय झालं हे त्याला ठाऊक होतं. त्याने दार उघडलं.

अशी मी सरकारात गेले, क्लिफर्ड ग्रेंजरच्या पुढच्या सीटवर बसून, त्याच्या हातची जागा घालवायला त्याच्याच गाडीतून.

वाटेत विंडवर्डसाइडला सिमियन उभा. गाडी थांबली, सिमियन मागे चढला आणि दार लागायच्या आत सुरू झाला, "झालं की नाही काम? डेल्मारला कळवलंस का? त्याने आम्हाला बजावून लिहिलं होतं, लाल पेन्सिल घ्या, वर बघू नका, थेट खाली सातव्या नावापर्यंत या. चौदा जणांना लिहिलं बघ. प्रत्येकाला वेगळं पत्र. खाली चौदाही नावं, म्हणजे कोणी विसरला तर दुसऱ्याने टोचावं. मी मॅथ्यूला दोनदा टोचलं. तो तर जन्मभर समोरच्या पक्षाचा."

मग मी क्लिफर्डकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. एकशे अठरातून चौदा गेले की एकशे चार. आणि लागत होते एकशेदहा. हिशेब संपला तेव्हा वळणावर त्याने गाडी जवळजवळ भिंतीत घातली.

हात रिकामा नव्हता म्हणे. चौऱ्याऐंशी वर्षांचा, थरथरता हात. चौदा पत्रं. आणि मी तुला लिहिलं की तुला माझी लाज वाटते.

कचेरीत मी त्याच्याच पेनाने सही केली.

इस्मी

व्हर्नाला तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला न विचारता दाखवलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं खोटं बोलतोय ते. मी वाट बघत होते, परत येऊन खरं सांगेल."


हेल्स गेट
२ सप्टेंबर

डेल्मार,

पाच महिन्यांत तुझी तीन पत्रं आली आणि तिन्हींत फक्त बस, बस, बस. घे. बस आली.

बारा जागांची, पांढरी, सेंट मार्टिनहून मालबोटीने. फोर्ट बे बंदरात क्रेनने उतरवली तेव्हा शाळा सोडली होती. ठराव पाचाला शून्य झाला होता. क्लिफर्डने त्या दिवशी भाषण केलं, की ही बस त्याच्या फार जुन्या स्वप्नातली. मी टाळ्या वाजवल्या. बस रस्त्यावर आहे, मग स्वप्न कोणाचंही असू दे.

पहिल्या फेरीला व्हर्ना पुढच्या जागेवर. मनगट सुटलंय, सुई हळूहळू धरते. दवाखान्यापर्यंत गेली, काही काम नव्हतं, परत आली. दुसऱ्या फेरीलाही तीच. चालक म्हणाला, "मिस व्हर्ना, कुठे उतरायचं?" तर म्हणे, "उतरायचं नाही, बसायचंय."

आणि एक सांगू? काल ड्वेन लिंझीची जीप भिंतीपाशी थांबली. भिंतीवर मी होते, बस चुकली होती. तो उतरला, दार उघडून उभा राहिला, वर बघितलं नाही. मी बसले. हेल्स गेटला मी उतरताना तो म्हणाला, "मिस व्हर्ना बऱ्या आहेत का?" मी म्हटलं, समोर राहते, स्वतः विचार. गेला, बाबा, विचारायला.

व्हर्नाच्या शेजारची जागा ती कोणाला देत नाही. पिशवी ठेवते. लोकांनी विचारलं तर म्हणते, माणूस यायचाय.

इस्मी


सॅन निकोलस
१९ सप्टेंबर

इस्मी,

खोली सोडली. रेडिओ शेजारणीला दिला. चार तारखेला सेंट मार्टिनला विमानाने, पुढे बोटीने. त्या तुमच्या रुमालाएवढ्या धावपट्टीवर मी उतरणार नाही, मला जिवंत पोचायचंय.

बंदरावर कोणी न्यायला येऊ नका. तूही नको. बावन्न वर्षांपूर्वी मी तो रस्ता मान खाली घालून चालत उतरलो आणि तीन भल्या माणसांना नको म्हटलं. आता मी बंदरावरच्या कठड्यावर बसेन, डोक्यावर टोपी, शेजारी पेटी, आणि जी पहिली गाडी थांबेल तिच्यात बसेन. मासेवाला असो, ड्वेन असो, ग्रेंजर असला तरी चालेल.

बस आली तर बसमध्ये बसेन. पिशवी उचलायला सांग.

भाडं मात्र देणार नाही. चौदा टपाल तिकिटं लावून मी ते आधीच भरलंय.

डेल्मार